नेट गेला, की गेलं?

‘छान आहे. अजून छान करता येईल.’ असा अभिप्राय लिहिणाऱ्याच्या हातातून पेन काढून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. आज नववीच्या वर्गात निम्म्याहून जास्त कागदांवर हेच वाक्य होतं. मुलांना मी एकमेकांचे निबंध वाचायला दिले होते. विषय ‘इंटरनेट आणि आपलं लक्ष’. दुसऱ्याचा निबंध नीट वाचायचा आणि खाली आपल्याला जे वाटलं ते लिहायचं, एवढं साधं काम.

“काय छान आहे गं?” मी पहिल्या बाकावरच्या सिद्धीला विचारलं.

“सगळंच, टीचर.”

“सगळं वाचलंस?”

सिद्धी पेनाचं टोपण चावायला लागली. तिच्या शेजारची तोंडावर हात ठेवून हसली. मी दोघींना फैलावर घेणारच होते, पण खिडकीतून बंदराकडे नजर गेली आणि तिथंच राहिली. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. त्यांच्यावर निळ्या ताडपत्र्या, ताडपत्र्यांवर दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकांना दगड. आणि पाऊस सकाळपासून न थांबता चाललेला. होड्या अशा झाकलेल्या दिसल्या की मला अजून बी.एड.च्या वर्षाचा तो पावसाळा आठवतो. मुलं म्हणतात, टीचर कधीकधी उगाच गप्प होतात. उगाच नाही रे बाबांनो.

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. कोळीवाड्यात तेव्हा पुरुषमाणसं घरात असतात. एरवी घर बायकांचं. आषाढात मात्र उंबऱ्यापासून मोरीपर्यंत कुठं पाय टाकावा तर कुणाची तरी तंगडी आडवी. पडवीत जाळी पसरलेली, फाटलेल्या जागी गाठी मारणं चाललेलं, घरात वाळत घातलेल्या कपड्यांचा कुबट वास आणि त्यावर मात करणारा सुकटीचा वास. जेवायला सुकट नाहीतर सुके बोंबील. मला हे दिवस लहानपणी फार आवडायचे, कारण बाबा घरी असायचा. आमच्याकडे बापाला अहो-जाहो नाही. बाबा म्हणजे ‘तू’. जाळी विणता विणता तो आम्हाला वाटेल त्या गोष्टी सांगायचा, त्यातल्या निम्म्या थापा.

त्या वर्षी मात्र बाबा जाळ्याला हात लावत नव्हता. कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा. मान खाली, हातात मोबाईल, अंगठा खालून वर, खालून वर. आवाज बारीक ठेवायचा पण बंद नाही करायचा. त्या व्हिडिओंमधलं ते रेकॉर्ड केलेलं हसणं दिवसभर घरात वाजत राहायचं. आई भाकरी थापायची आणि मागून ते हसणं. मी अभ्यास करायची आणि भिंतीपलीकडून ते हसणं. बाबा स्वतः हसताना मात्र कधी दिसला नाही.

झालं होतं असं की त्याच वर्षी थंडी सरता सरता बाबाच्या हातून बोट खडकावर गेली. बाबा गजानाखवाच्या बोटीवर तांडेल होता. नाखवा म्हणजे बोटीचा मालक, आणि तांडेल म्हणजे बोट ज्याच्या भरवशावर समुद्रात जाते तो माणूस. आमच्या खाडीच्या तोंडाशी एक खडक आहे, कमरेत वाकल्यासारखा. त्याला सगळे म्हातारी म्हणतात. गावातल्या शेंबड्या पोरालाही तो कुठं आहे ते ठाऊक. बाबानं जन्मभर त्या म्हातारीला वळसा घातला, आणि त्या दिवशी ओहोटीला, लख्ख उन्हात, सरळ तिच्या अंगावर बोट घातली. तळाच्या फळ्या फुटल्या. विठू खलाशाचा हात मोडला. माणसं वाचली, हे नशीब.

गजानाखवा भला माणूस. ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. बाबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “धर्मा, तू जरा आराम कर.” आणि सुकाणू चंदूच्या हातात दिलं. चंदूला बाबानंच शिकवलेलं. आराम! ज्या माणसानं आयुष्यात ताप असतानासुद्धा बोट चुकवली नाही त्याला आराम करायला सांगणं म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना कळलं आणि कुणीच बोललं नाही. गावात दोन तऱ्हेच्या गोष्टी चालू झाल्या. कोणी म्हणे मोबाईल बघत होता, कोणी म्हणे प्यायला होता. बाबा पीत नाही. तरी त्यानं कुणालाच ‘नाही’ म्हटलं नाही आणि ‘हो’ही म्हटलं नाही.

“तुज्या बापाला काय इचारू नको हां,” आईनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “जल्माचं दुखनं हाय ते. बोट घालू नको.”

मी नाही विचारलं. कुणीच नाही विचारलं. बंदी संपून नारळी पुनव आली की बोटी पुन्हा समुद्रात जातात. कुणाच्या बोटीवर कोण, हे त्याच्या आधी ठरतं. बाबाला कुणी बोलावेल का? आणि नाही बोलावलं तर हा माणूस त्या खुर्चीतच संपणार का? त्या पावसाळ्यात माझ्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं, आणि ते सोडून बाकी सगळं आम्ही बोलत होतो. भाताची लावणी, गॅसचा सिलिंडर, शेजारणीची सून.

मी तेव्हा बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते, अलिबागला. परीक्षा तोंडावर आली होती. मॅडमनी अंतर्गत गुणांसाठी एक उपक्रम ठेवला, ‘सहाध्यायी अभिप्राय’. नाव ऐकूनच झोप यावी असं. करायचं एवढंच की प्रत्येकानं निबंध लिहायचा, जोडीदाराला द्यायचा, जोडीदारानं त्यावर अभिप्राय लिहायचा, मग तो वाचून पुन्हा लिहायचा. “निकाल देऊ नका, प्रश्न विचारा,” मॅडम सांगायच्या. “उद्या तुम्ही मुलांच्या वह्या तपासणार आहात. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायला आधी शिका.” विषय आजच्यासारखाच, इंटरनेट आणि लक्ष. माझी जोडीदार मृणाल. ती पाली गावची. आई शिक्षिका, अक्षर मोत्यासारखं, वेलांटी कधी चुकायची नाही. बोलताना पण ती पूर्ण वाक्यात बोलायची. माझ्यासारखी निम्मं वाक्य हातवाऱ्यांनी संपवणारी बाई तिच्या वाट्याला आली, ह्याचं तिला वाईट वाटत असणार.

निबंध लिहायला बसले तेव्हा मी ठरवलं होतं, आकडेवारी नाही, शाप-वरदान नाही. जे डोळ्यांसमोर आहे ते लिहायचं. मी घर लिहिलं, खुर्ची लिहिली, ते हसणं लिहिलं. आणि एक वाक्य लिहिलं, जे लिहिताना माझा हात थांबला होता: ‘बोट खडकाला लागली त्या दिवशी बाबाचा नेट गेला, आणि तेव्हापासून तो दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ बघतो.’ हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं नसतं. बाबाला तर नाहीच. पण मृणाल कोण लागते माझी? परक्या माणसाला दाखवणं सोपं असतं.

कागद परत आला. त्या वाक्याभोवती लाल पेनानं गोल. ‘नेट’च्या पुढच्या ‘गेला’वर काट मारून वर सुबक अक्षरात ‘गेलं’. आणि समासात असं: ‘नेट हा शब्द नपुंसकलिंगी. नेट गेलं असे हवे. शिवाय विसंगती आहे. नेट गेले असेल, तर वडील मोबाईलवर व्हिडिओ कसे बघतात? तसेच वडिलांचा उल्लेख आदरार्थी करावा.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बाबाचा नेट गेला! अंगातला नेट! जो धरून माणूस उभा राहतो तो! आणि ही बया त्याला रिचार्ज मारून देत होती. मागच्या बाकावरच्या दोघींनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि फिस्सकन हसल्या. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. विनोद तर झालाच होता. मीच एकटी तिथं हसू शकत नव्हते. डोळे भरून यायला लागले म्हणून मी कागद पालथा घातला. तो पालथा घालताना खालची आणखी एक ओळ दिसली. ‘बोट खडकाला लागली म्हणजे नेमके काय झाले? ठोस प्रसंग द्यावा.’

आता तिच्या निबंधावर मी अभिप्राय लिहायचा होता. तिचा निबंध तिच्या अक्षरासारखाच, एक डाग नाही. ‘इंटरनेट हा ज्ञानाचा महासागर आहे. या महासागरात आजची पिढी दिशाहीन होऊन भरकटत आहे.’ मी खाली लिहिलं, ‘तू महासागर कधी बघितलायस? त्यात भरकटलेलं माणूस बघितलंयस? नसेल तर त्याला हात लावू नको.’ आणि मग पेन दाबून, कागद फाटेल इतका दाबून, ‘ह्या सगळ्यात तू कुठं आहेस? मला एकही माणूस दिसला नाही.’ निकाल देऊ नका, प्रश्न विचारा. विचारला की प्रश्न! मॅडमच्या नियमात बसवून मी तिला सणसणीत दिली होती.

मृणालनं वाचलं. तिचे कान लाल झाले एवढंच. दप्तर भरून ती निघून गेली.

मुलांना हे कसं सांगायचं, की अभिप्राय हे काही गमतीचं काम नाही? आज सिद्धीच्या वर्गातून फिरताना मी बघत होते, दुसऱ्याच्या कागदावर लिहिताना पोरं किती बेफिकीर असतात आणि आपला कागद परत घेताना कशी श्वास रोखून बसतात. कुणी कागद हिसकावून घेतो. कुणी घडी घालून खिशात टाकतो, घरी जाऊन एकट्यानं वाचायला. लिहिलेल्यात काय लपवलंय ते ज्याचं त्यालाच माहीत. वाचणाऱ्याला त्याची कल्पना नसते, आणि लिहिणाऱ्याला वाटतं की वाचणाऱ्याला सगळं दिसलं.

त्या संध्याकाळी अलिबागच्या एसटी स्टँडवर तोबा गर्दी होती. समुद्र खवळलेला, मांडव्याच्या लाँचा बंद, त्यामुळे मुंबईला जाणारे सगळे स्टँडवर. छत्र्यांचं पाणी एकमेकांच्या अंगावर. त्या गर्दीतून मृणाल माझ्यापर्यंत आली. मला वाटलं, आता ही भांडणार. मी पण पदर खोचून तयार होते. पदर नव्हता, ओढणी होती, पण तयारी तीच.

“हर्षला, मी तुझं वाक्य खोलीवर जाऊन मोठ्यानं वाचलं,” ती म्हणाली. आणि तिचा आवाज फाटला. “मोठ्यानं वाचल्यावर मला कळलं गं. नेट गेला. तो नेट! माझी आजी मला परीक्षेला जाताना म्हणते, नेट धर. रोजचा शब्द आहे आमच्या घरातला. मला कसा दिसला नाही?”

“पुढं मोबाईल होता म्हणून नाही दिसला,” मी तुटकपणे म्हटलं.

“मी फक्त चुका शोधत होते.”

भांडायला आलेल्या माणसासमोर समोरचा असा शस्त्र खाली ठेवतो तेव्हा फार पंचाईत होते. मी म्हटलं, “मी पण वाईट लिहिलं तुला.”

“लिहिलंस. पण खरं लिहिलंस. मी नाहीच आहे त्यात.” तिनं नाक पुसलं. मग लगेच तिच्या त्या पूर्ण वाक्यात म्हणाली, “पण माझा शेवटचा प्रश्न अजून तसाच आहे. त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?”

“मला माहीत नाही.”

“म्हणजे? तू विचारलं नाहीस?”

गाडी लागली आणि मी उत्तर न देता चढले. खिडकीतून पाणी आत येत होतं, बाजूची बाई ओरडत होती खिडकी लाव म्हणून, आणि माझ्या डोक्यात तेच. तू विचारलं नाहीस? पोयनाडच्या बाजूला लावणी चाललेली होती, माझं तिकडे ध्यान नव्हतं.

आपल्या भाषेत लक्ष देतात आणि लक्ष ठेवतात. दोन्हीला शब्द तोच, पण काम अगदी वेगळं. बाबावर आम्ही सगळे लक्ष ठेवून होतो. जेवला का, किती जेवला, बाहेर गेला तर कुणीकडे गेला, विहिरीकडे नाही ना गेला. आई रात्रंदिवस त्याच्यावर लक्ष ठेवून होती. पण लक्ष दिलं होतं का कुणी? देणं म्हणजे समोर बसून विचारणं. त्याला उत्तर ऐकायची तयारी लागते. आमच्यात ती नव्हती. आम्हाला त्या उत्तराची भीती वाटत होती, आणि त्या भीतीला आम्ही माया म्हणत होतो. इंटरनेटनं माणसाचं लक्ष चोरलं वगैरे निबंधात लिहायला ठीक आहे. आमच्या घरात आमचं लक्ष कुणी चोरलं नव्हतं. ते आम्ही स्वतःच दुसरीकडे वळवून ठेवलं होतं.

दुसरा खर्डा द्यायच्या आधीच्या रविवारी मृणाल आमच्याकडे आली. तिला म्हणे कोळीवाडा बघायचा होता, म्हणजे तिच्या निबंधात एखादं तरी खरं माणूस येईल. मी तिला दहादा बजावलं, बाबासमोर तो विषय काढायचा नाही. ती “हो” म्हणाली. आईनं तिच्यासाठी सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं, सकाळपासून खपून. मृणाल ताटाकडे बघून कसनुशी हसली. “काकू, मी खात नाही.”

“म्हंजी?” आईला काही कळेचना. “बोंबील न्हाय खात? मंग सुकट करू?”

“काकू, मी मासेच खात नाही.”

आई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी घरी कुठलं आजारी माणूस आणलंय. मग शेजारून वालाचं बिरडं आलं आणि वेळ निभावली. बाबानं खुर्चीतून एकदा मान वर केली, मृणालकडे बघितलं, पुन्हा खाली घातली. तो खालून वर जाणारा अंगठा. ते हसणं. मृणाल जेवता जेवता त्याच्याकडे बघत होती. मी टेबलाखालून, म्हणजे टेबल नव्हतंच, पाटाखालून तिच्या पायाला चिमटा काढला.

हात धुऊन आली आणि ती सरळ बाबाच्या पुढ्यात जमिनीवर बसली. मांडी घालून.

“काका, हर्षलानं तुमच्यावर निबंध लिहिलाय. त्या दिवशी बोट खडकाला लागली तेव्हा नेमकं काय झालं?”

आईच्या हातातलं पातेलं तिथंच राहिलं. मला वाटलं आता हा उठेल, काहीतरी फेकेल, नाहीतर तसाच पावसात निघून जाईल आणि आम्ही त्याला शोधत फिरू. मृणालला ह्यातलं काही माहीत नव्हतं. ती उत्तराची वाट बघत बसली होती, वर्गात बसते तशी.

बाबाचा अंगठा थांबला. मोबाईल त्यानं मांडीवर पालथा ठेवला. हसणं चालूच होतं, ते मांडीखालून बारीक येत होतं. मग त्यानं ते बंद केलं. घरात इतकी शांतता कितीतरी दिवसांनी झाली होती. कौलांवरचा पाऊस ऐकू यायला लागला.

“मोबाईल व्हता हातात,” तो म्हणाला. “व्हय. लोक खोटं न्हाय बोलत. येक हात सुकानूवर, येक हातात ह्यो. विठ्या बोंबलला, दादा, म्हातारी! मी वर बगितलं तवा ती पुढ्यातच.”

“काय बघत होतात, काका?”

मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. पण बाबा विचार करत होता. खरंच आठवून बघत होता, कपाळाला आठ्या घालून.

“तेच तर आठवत न्हाय गो पोरी. कायतरी हसायचं व्हतं. कुनाचा कुत्रा टोपी घालून चालत व्हता… न्हाय, तो मागाहून बगितला. येवढे दिस त्येच शोदतोय ह्याच्यात. पुन्ना दिसला तर वळकेन म्हनून. ज्याच्यापायी विठ्याचा हात मोडला, ते काय व्हतं ते आठवाय तरी पायजे का न्हाय मला?”

म्हणजे तो इतके महिने त्या खुर्चीत बसून ते शोधत होता. आणि आम्हाला वाटत होतं की त्याला नाद लागलाय. मला लाज वाटली, कळवळा आला, रागही आला.

आई पातेलं खाली ठेवून पुढे आली. ती रडत होती आणि भांडतही होती. “लोक दारू प्याला म्हनले! चार बायका माज्या तोंडावर म्हनल्या! तुमी सांगायचं व्हतं, न्हाय प्यालो म्हनून!”

“म्हनू दिलं,” बाबा म्हणाला. “प्यालेल्याला लोक माफ करतात. कुत्र्याला हसनाऱ्या तांडेलाला कोन करेल?” मग आमच्या कुणाकडेच न बघता, “आन तुमी तरी कुटं इचारलंत.”

आईनं पदरानं डोळे पुसले. मग बाबा माझ्याकडे वळला. “तू कायतरी लिवलंयस म्हनं माज्यावर. वाच.”

मी नको म्हटलं. तो “वाच” म्हणाला. तांडेलाचा आवाज, बोटीवर चालतो तो, कितीतरी दिवसांनी ऐकला. मी कागद आणला. घर वाचलं, खुर्ची वाचली, हसणं वाचलं. त्या वाक्यापाशी आले आणि कागद खाली घेतला. कसंबसं म्हटलं, “त्या दिवशी बाबाचा नेट गेला.”

बाबानं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, “गेला व्हता, असं लिव.”

“अं?”

“गेला म्हंजी संपलं. गेला व्हता, लिव.”

मृणालनं पेन काढलं होतं. तिचे डोळे वाहत होते, पण ती मृणालच. “काका, ‘होता’ लिहायचं की ‘व्हता’?”

“काय पन लिव गो. पन तितं पायजे ते.”

दुसऱ्या खर्ड्यावर तिनं त्या वाक्याच्या समासात लिहिलं, ‘या वाक्याला कुणीही हात लावू नये.’ मॅडमनी विचारलं, हा काय अभिप्राय झाला? मृणाल म्हणाली, “मॅडम, मला दुसरा प्रश्नच नाही.” तिच्या नव्या निबंधात तिची आजी आली होती, आणि ती स्वतः, आजीशी बोलताना मोबाईलकडे बघणारी. महासागर गेला होता. वाचून मी तिला काय लिहिलं ते मात्र मला आता नीटसं आठवत नाही. नुसतं ‘छान’ नव्हतं एवढं नक्की.

आणि बाबा? बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री घेऊन बाहेर पडला. आई दारापर्यंत धावली. पहिल्यांदा तो विठूच्या घरी गेला. तिथं काय बोलणं झालं ते दोघांनी कधी सांगितलं नाही. पण विठू त्याच्याबरोबर गजानाखवाकडे गेला, हे गावानं बघितलं. नाखवाला बाबानं सगळं सांगितलं, कुत्रा, टोपी, सगळं. नाखवा म्हणे आधी हसला, मग म्हणाला, “धर्मा, सुकानू नाय देऊ शकत मी तुला.”

“सुकानू मागतंय कोन?” बाबा म्हणाला. “खलाशी म्हनून घे.”

नाखवानं “बघतो” म्हटलं. त्या ‘बघतो’वर आमचे पुढचे सगळे दिवस टांगलेले. आई देवीला नवस बोलत होती, मी परीक्षेचे पेपर लिहीत होते, काय लिहिलं ते देवाला ठाऊक. बाबा पडवीत जाऊन बसला आणि शेजारच्या पोरांबरोबर जाळ्याला गाठी मारायला लागला. आपणहून बोलत नव्हता. आम्ही पण आता रोज काहीतरी विचारायचो, मुद्दाम, वेडंवाकडं. तो उत्तर द्यायचा नाहीतर वसकन अंगावर यायचा. वसकला तरी आम्हाला बरं वाटायचं. श्रावण लागला, उन्हं पडायला लागली, ताडपत्र्या निघाल्या, बोटींना रंग लागला, आणि नाखवाचा निरोप काही येईना. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी चंदूच आला. दारातच उभा राहिला, चपला न काढता. तांडेल आता तो होता. बाबाच्या डोळ्यांकडे बघवेना त्याला. म्हणाला, “दादा, पुढं उभा ऱ्हाशील माज्या बोटीवर?”

पुढं म्हणजे बोटीच्या तोंडाशी. पाण्यात काय आहे ते बघून मागच्याला ओरडून सांगायचं. पोरसवदा खलाशाला देतात ते काम. आईनं ओठ चावला. बाबा म्हणाला, “ऱ्हातो की.”

पुनवेचा नारळ समुद्राला गेला आणि बोटी निघाल्या. सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर. आई नवं लुगडं नेसून, भरतीच्या पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उतरून उभी. निघताना प्रत्येक पुरुष आपापल्या माणसांकडे बघून हात हलवतो, आमच्याकडे ती रीतच आहे. चंदूनं हलवला. विठूनं बऱ्या झालेल्या हातानं हलवला. बाबा बोटीच्या तोंडाशी, आमच्याकडे पाठ करून उभा होता. आईनं हाक मारली. मी मारली. बोट लांब गेली, खाडीच्या तोंडाशी, म्हातारीजवळ पोचली, आणि त्याची मान काही वळली नाही.

“बगितलं का येकदा तरी मागं?” आई चिडली. “पाटेपासून भाकऱ्या थापल्या मी! अख्खं गाव हात हालवतंय, आन ह्यो बाबा…”

आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं, तो कुठं बघत होता ते. मग पाण्यातच मला घट्ट धरून हमसाहमशी रडायला लागली.